भोरड्यांच्या थव्यात आणखी कोण आहे? हिवाळी मैना ओळखायला शिकताना

जानेवारीत शाळू चिकात आला की सोलापूर, नगर, इंदापूरकडच्या रानांवर दिवसातून दहा वेळा एक तपकिरी ढग उतरतो. दोन-चार मिनिटं कणसांना लगडतो, राखणदाराची आरोळी आली की फर्रकन उठतो आणि शेजारच्या बाभळीवर जाऊन कलकलाट करत बसतो. राखण करणारा त्या सगळ्या पाखरांना एकच नाव देतो, भोरड्या. त्यातल्या बहुतेकांच्या बाबतीत ते बरोबरच असतं. पण त्याच बाभळीवर कडेला दोन साळुंक्या असतात, मधेच एखादी भांगपाडी मैना असते, आणि फार नशीब असेल तर असा एक पक्षी, जो महाराष्ट्रात सहसा दिसत नाही.

हे सगळे एकाच कुळातले, म्हणजे साळुंकी-मैनांच्या. आकार जवळपास सारखा, बसण्याची ढब सारखी, गोंगाट सारखा. नवखा माणूस थव्याकडे दुर्बीण लावतो आणि लगेच ‘वेगळा’ पक्षी शोधू लागतो. गडबड तिथेच होते. भोरडी स्वतःच इतक्या वेषांत फिरते की, तिचे सगळे वेष माहीत नसले तर एकाच थव्यात चार जाती दिसल्याचा भास होतो. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे फक्त भोरडीच पाहा. कंटाळा आला तरी चालेल.

भोरडीचे वेष

भोरडी, म्हणजेच पळसमैना किंवा गुलाबी मैना, साधारण २१ ते २३ सेंटिमीटर, साळुंकीपेक्षा जराशी लहान. तिची वीण मध्य आशियाच्या आणि आग्नेय युरोपच्या गवताळ मुलखात होते, मे-जूनमध्ये, टोळ-नाकतोड्यांच्या हंगामाला धरून. आपल्याकडे ती ऑगस्ट-सप्टेंबरपासून दिसू लागते आणि एप्रिलपर्यंत राहते. म्हणजे वर्षातले सात-आठ महिने ती इथे आणि बाकीचे तिथे. ‘हिवाळी पाहुणी’ हा शब्द तिला जरा तोकडाच पडतो.

पुस्तकातलं चित्र असतं ते पूर्ण वाढ झालेल्या नराचं, विणीच्या दिवसांतलं: गुलाबी अंग, चकचकीत काळं डोकं, मानेवर लोंबणारा लांब तुरा, काळे पंख, काळी शेपटी, गुलाबी पाय, गुलाबीसर चोच आणि तिच्या मुळाशी काळा रंग. हे चित्र मनात धरून डिसेंबरात रानात गेलात तर निराश व्हाल. हिवाळ्यात याच पक्ष्याच्या काळ्या पिसांना बदामी कडा असतात आणि गुलाबी पिसांची टोकं मातकट असतात. त्यामुळे डोकं काळ्याऐवजी मळकट, खवल्याखवल्यांचं दिसतं, गुलाबी रंग धुळीखाली दडल्यासारखा वाटतो आणि चोचही तपकिरी-गुलाबी होते.

पुढची गोष्ट नीट लक्षात घ्या. वसंतातला झगमगीत वेष नवी पिसं येऊन होत नाही. जुन्याच पिसांच्या मळकट कडा झिजून जातात आणि खालचा रंग उघडा पडतो. झीज प्रत्येक पक्ष्यात सारखी नसते. म्हणून मार्चमध्ये एकाच फांदीवर एक भोरडी लखलखीत गुलाबी आणि दुसरी अजून मातकट दिसते. त्या दोन जाती नव्हेत. मादी एकूणच फिकी असते, तुरा आखूड.

खरी फसगत होते ती यंदाच्या पिल्लांमुळे. सप्टेंबर-ऑक्टोबरात येणाऱ्या थव्यांत ती भरपूर असतात आणि त्यांच्यात गुलाबी किंवा काळं असं काहीच नसतं. सगळं अंग वाळूच्या रंगाचं, पोट आणखी फिकं, पंख आणि शेपटी गडद तपकिरी, तुरा नाही, चोच आखूड, जाडसर आणि पिवळसर. उडताना पाठीचा शेपटीजवळचा भाग फिका दिसतो. नवखे हिला कधी ‘साळुंकीचं पिल्लू’ म्हणतात, तर कधी ‘कॉमन स्टार्लिंग’ (ती दुर्मीळ पाहुणी, जिच्याविषयी पुढे येईल). पिसं बदलायला ती आपल्याकडे आल्यावर सुरुवात करतात, सावकाश. त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरात अर्धीमुर्धी दिसतात: छातीवर गडद चट्टे, डोक्यावर काळपट छटा, मधेच वाळूचा रंग शिल्लक. पहिल्या हिवाळ्याच्या शेवटी ती मळकट प्रौढ भोरडीसारखी होतात, फक्त तुरा जेमतेम आणि गुलाबी रंग नावापुरता.

सरावासाठी एक करा. एका बाभळीवर बसलेल्या भोरड्यांपैकी २० एकामागून एक पाहा आणि वहीत प्रत्येकीपुढे ‘प्रौढ’, ‘पहिला हिवाळा’ किंवा ‘पिल्लू’ लिहा. पहिल्या दिवशी निम्म्यांपुढे प्रश्नचिन्ह येईल. पाचव्या-सहाव्या खेपेला प्रश्नचिन्हं दोन-तीनवर येतात. मग दुसऱ्या जाती आपोआप डोळ्यांत भरू लागतात.

रंग सगळ्यात शेवटी

मैनांचा रंग उन्हावर, धुळीवर, परागांवर आणि वयावर बदलतो. म्हणून रंग पाहायच्या आधी ठरलेल्या क्रमाने चार जागा पाहायच्या. क्रम पाठ झाला की एका पक्ष्याला पाच सेकंद पुरतात.

पहिली जागा डोळ्याभोवतीची. तिथे उघडी कातडी आहे का? पिवळी असेल तर साळुंकी. नारिंगी आणि अंग काळं-पांढरं असेल तर कवडी मैना. विटकरी-लाल आणि अंग राखाडी असेल तर नदी मैना. काहीच नसेल तर पुढे चला.

दुसरी जागा पंख. बसलेल्या पक्ष्याच्या पंखाच्या कडेला पांढरा तुकडा दिसतो का, आणि उडताना तो मोठा होऊन चमकतो का? साळुंकी आणि जंगली मैना या दोघींना तो असतो. भोरडी, भांगपाडी आणि राखी डोक्याची मैना यांना नसतो. या एका खुणेने थव्याचे दोन भाग पडतात, म्हणून घाई असेल तेव्हा निदान एवढी पाहाच.

तिसरी चोच. सबंध पिवळी, की मुळाशी निळसर आणि टोकाला पिवळी? निळसर-पिवळी म्हणजे भांगपाडी किंवा राखी डोक्याची. जंगली मैनेची चोच नारिंगी-पिवळी, मुळाशी निळसर-काळपट.

चौथी शेपटी. टोकाला पांढरी कडा (साळुंकी, जंगली, भांगपाडी), बदामी कडा (नदी मैना), बाजूंना विटकरी-तांबूस (राखी डोक्याची) की सरळ एकरंगी गडद (भोरडी)?

या चार प्रश्नांनंतर रंग बघा. तोवर उत्तर बहुधा मिळालेलं असतं आणि रंग त्याला दुजोरा देतो. देत नसेल तर पुन्हा डोळ्यापासून सुरू करा.

बाकीची मंडळी

साळुंकी सर्वांना माहीत आहे असं समजून लोक तिच्याकडे बघतच नाहीत. तपकिरी अंग, काळं डोकं, पिवळी चोच, पिवळे पाय, बुडाखाली पांढरं. मिश्र थव्यात ती ओळखू येते ती जोडीमुळे. हजार भोरड्या एका जिवाने उठतात-बसतात, तर साळुंक्या दोन-दोन करून, किंचित उशिरा आणि बहुधा कडेला. एकच इशारा: कधीकधी साळुंकीच्या डोक्यावरची पिसं पार झडतात आणि उघडं पिवळं टक्कल दिसतं. ही नवी जात नाही. पंखातला पांढरा तुकडा पाहा, संशय मिटेल.

भांगपाडी मैना मात्र मन लावून पाहण्याजोगी. साळुंकीपेक्षा लहान, पाठ राखाडी, गाल-छाती-पोट फिकट तांबूस-बदामी, आणि डोक्यावर मागे वळवून विंचरलेल्या केसांसारखा काळा तुरा. उघड्या माळावर चरणाऱ्या गुरांच्या पायांशी, देवळांच्या आवारात, फुललेल्या झाडांवर ती जोडीने किंवा पाच-सातच्या गटाने असते. शास्त्रीय नावातल्या ‘पॅगोडारम’ शब्दाचा अर्थही देवळांची असाच आहे. भोरड्यांशी घोटाळा होतो तो दोन वेळा. एकदा पाठमोरा पक्षी दिसला की, कारण दोघींनाही तुरा असतो. तेव्हा पाठीचा रंग बघा, भांगपाडीची राखाडी आणि भोरडीची गुलाबी-मातकट. दुसऱ्यांदा भांगपाडीचं पिल्लू दिसलं की. त्याला तुरा नसतो, टोपी काळ्याऐवजी तपकिरी असते. पाय पिवळे आहेत का ते पाहा; भोरडीचे गुलाबीसर असतात.

राखी डोक्याची मैना ज्वारीच्या रानात शोधू नका, ती तिथे सहसा मिळायची नाही. ती झाडांवरची. डोकं चंदेरी-राखाडी, त्यावर बारीक फिक्या रेघा, पोट तांबूस, डोळा पांढुरका, शेपटीच्या बाजू विटकरी. हिवाळ्यात तिचे चपळ, आवळ थवे सावर, पांगारा, वड, उंबर यांवर येतात. पांढरा डोळा दिसला की काम झालं. दक्षिण कोकण, गोवा आणि त्याखालच्या सह्याद्रीत मात्र पूर्ण पांढऱ्या डोक्याची तिची जवळची बहीण राहते, मलबार मैना. तिथे ‘फिकं डोकं’ एवढं लिहून भागत नाही. डोकं राखाडी रेघांचं होतं की दुधासारखं पांढरं, हे लिहावं लागतं.

जंगली मैना घाटमाथा, कोकण आणि गोव्याची. देशावरच्या कोरड्या रानात ती क्वचित, महाबळेश्वर-रत्नागिरीकडे नेहमीची. साळुंकीची करडी आवृत्ती समजा: डोळ्याभोवतीची पिवळी कातडी वजा आणि चोचीच्या मुळाशी उभ्या पिसांचा झुपका अधिक. आपल्या बाजूच्या जंगली मैनेचा डोळा निळसर-पांढरा असतो, उत्तरेतल्यांचा पिवळा. या पश्चिम-दक्षिणेकडच्या उपजातीचं नाव ‘महरट्टेन्सिस’ आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या कर्नल साइक्सने दख्खनच्या पक्ष्यांची यादी केली, त्यात १८३२ साली तिला हे मराठी मुलखाचं नाव दिलं.

कवडी मैना काळी-पांढरी, डोळ्याभोवती नारिंगी, चोचीचं मूळ लालसर. विदर्भात पूर्वीपासून, मुंबई-पुण्याकडे पिंजऱ्यातून सुटलेल्या पक्ष्यांमुळे पसरलेली. ओलसर जागा, गटारांचे काठ, कचऱ्याचे ढीग तिच्या आवडीचे. नदी मैना उत्तर महाराष्ट्रात, बाजार, रेल्वे फलाट आणि नदीकाठच्या दरडींपाशी. या दोघी भोरड्यांच्या थव्यात क्वचितच मिसळतात.

दुर्मीळ पाहुणी आणि तिच्या नावाने होणारी गफलत

कॉमन स्टार्लिंग उत्तर भारतात हिवाळ्यात नेमाने येते, महाराष्ट्रात मात्र फार थोडी, आणि आलीच तर बहुधा भोरड्यांच्या संगतीने. युरोपात किंवा अमेरिकेत काही वर्षं राहून आलेल्या पक्षीप्रेमींना ही रोजची. तिथे अंगणात, पार्किंगमध्ये, ब्लॅकबर्डांच्या हिवाळी थव्यांत तीच जिकडेतिकडे असते. त्यामुळे इथे काळपट भोरडी दिसली की तोंडातून तेच नाव निघतं. खुणा जुळल्याशिवाय हे नाव वहीत लिहू नये.

हिवाळ्यातली कॉमन स्टार्लिंग गडद, हिरवी-जांभळी चमक असलेली आणि सबंध अंगावर पांढऱ्या-बदामी ठिपक्यांची असते. ठिपके डोक्यावरही असतात, पोटावरही. भोरडीच्या मळकट डोक्यावर कडा दिसतात, पण तिचं पोट नेहमी फिकं राहतं. डोकं आणि पोट एकाच गडद रंगाचं आहे का, हा पहिला प्रश्न. चोच भोरडीपेक्षा लांब, सरळ आणि टोकदार, हिवाळ्यात काळपट. तुरा कधीच नाही. मार्चकडे ठिपके झिजतात आणि पक्षी जवळजवळ काळा, चमकदार दिसतो. चोच पिवळी होते.

राहिला ठिपके नसलेला, साधा तपकिरी पक्षी. सप्टेंबर ते डिसेंबर या काळात तसा दिसला तर तो भोरडीचं पिल्लू समजा. कॉमन स्टार्लिंगची पिल्लं उन्हाळा संपता संपता पिसं बदलून ठिपक्यांची होतात, म्हणजे दक्षिणेकडे येईपर्यंत त्यांचा साधा तपकिरी वेष उरलेला नसतो. भोरडीची पिल्लं तो इथे घेऊन येतात. फरक कळला की निम्म्या ‘दुर्मीळ नोंदी’ आपोआप गळतात.

कुठे आणि केव्हा उभं राहायचं

नवख्यासाठी सगळ्यात सोपी जागा म्हणजे फुललेलं झाड. जानेवारी-फेब्रुवारीत सावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि पांगारा. मकरंदाला आलेले पक्षी पाच-दहा मिनिटं तिथेच घोटाळतात, जवळून दिसतात आणि भोरडी, साळुंकी, भांगपाडी, राखी डोक्याची अशा चौघी एकाच झाडावर मिळू शकतात. सकाळी सात ते साडेनऊ, झाडाच्या पूर्वेला, म्हणजे ऊन पाठीशी घेऊन, २० ते ३० मीटरवर उभे राहा. झाडाखाली जायचं नाही; पक्षी बुजतात आणि खालून फक्त काळी पोटं दिसतात. पराग कपाळाला चिकटून मैनांची तोंडं पिवळी-नारिंगी होतात. पिवळ्या कपाळाची मैना कुठल्याही पुस्तकात शोधू नका.

फळांवर आलेला वड किंवा पिंपळ तितकाच चांगला, पण पानांमुळे दिसतं कमी. तिथे थव्याची ये-जा टिपा. झाडावर येताना आणि झाडावरून सुटताना पक्षी उघडे पडतात.

ज्वारीच्या रानात जाण्याआधी शेतमालकाला विचारा. उभ्या पिकात पाय घालायचा नाही, बांधावरूनच बघायचं. माळ्यावर राखणदार असेल तर त्याच्या मागे थांबा, कधीही पुढे नाही. गोफणीचा दगड कोणाला ओळखत नाही. चिकातलं कणीस भोरड्या कसं फोडतात हे बघणाऱ्याला मजेचं असतं, ज्याचं कणीस आहे त्याला नसतं, याचं भान ठेवून बोला. नांगरलेल्या किंवा गवताळ रानात याच भोरड्या टोळ-नाकतोडे वेचतात. तेव्हा थवा जमिनीवरून लोळल्यासारखा पुढे सरकतो, कारण मागचे पक्षी सारखे उडून पुढच्यांच्या पुढे जाऊन बसतात. अशा वेळी एका जागी बसून थव्याला आपल्याकडे येऊ द्यावं. मागे धावलं तर पाठीच दिसतात.

संध्याकाळचा रातथारा हे मोठं दृश्य. बारामती, पुणे, सोलापूर या भागांत हजारोंच्या संख्येने भोरड्या उसात, बाभळीच्या दाटीत, पाणकणसाच्या बेटात किंवा शहरातल्या मोठ्या झाडांवर रात्र काढतात. सूर्यास्ताच्या आधी ४५ मिनिटं जागेवर असा, आणि रातथाऱ्याच्या पश्चिमेला उभे राहून पूर्वेकडे बघा. बहुतेक जण उलट करतात, कारण मावळतीच्या तांबड्या आभाळावर थवा सुंदर दिसतो. दिसतो खरा, पण काळा. जात ओळखायची असेल तर मावळतं ऊन पक्ष्यांच्या अंगावर पडलं पाहिजे. शेवटच्या दहा मिनिटांत तेही ऊन केशरी होतं आणि मातकट भोरडीला गुलाबी रंग देऊन जातं, म्हणून वयाची नोंद त्याआधीच उरका. रातथाऱ्यावर टॉर्च लावू नका, टाळ्या वाजवून थवा उडवू नका. रात्री उडवलेला पक्षी तारांवर आदळतो. डोक्यावर टोपी असू द्या. कारण तिथे गेल्यावर कळेल.

थवा अचानक आवळून चेंडूसारखा झाला तर त्याच्याकडे नको, त्याच्या वर बघा. बहिरी ससाणा किंवा शिक्रा आलेला असतो.

उडत्या थव्यात

उडताना चोच, डोळा काही दिसत नाही. मग तीनच गोष्टी: पांढरं चमकतं का, पंखांचा आकार आणि थवा किती घट्ट उडतो. साळुंकीचे पंख रुंद, गोलसर, फडफड सावकाश, आणि प्रत्येक फडफडीला पांढरे गोल डोळे मिचकावल्यासारखे उघडझाप करतात. भोरडीचे पंख त्रिकोणी आणि टोकदार, शेपटी आखूड, चाल सरळ आणि वेगाची, मधेच क्षणभर पंख न हलवता घसरते. थवा घट्ट, एकदम वळणारा. वळताना एकदा सगळा फिका आणि एकदा सगळा गडद दिसतो, कारण अंग फिकं आणि पंख गडद. राखी डोक्याची मैना त्याहून चिमुकली आणि चपळ, वरून फिकी राखाडी, बोलणं धातूवर टिचकी मारल्यासारखं. भोरड्यांचा आवाज म्हणजे नुसती किरकिर-कलकल, त्यात सूर सापडत नाही.

घट्ट थव्यातून एखादा पक्षी सुटा पडला, मागे राहिला किंवा वेगळ्या लयीत उडू लागला की त्याच्यावर दुर्बीण ठेवा. वेगळी जात निघण्याची शक्यता तिथे जास्त.

मोजणी

डोळा मोठा थवा नेहमी कमी मोजतो. ५०० पक्षी असतील तर नवखा २०० म्हणतो. उपाय जुना आहे: आधी दहा पक्षी खरेखुरे मोजा, तेवढ्याने किती जागा व्यापली ते डोळ्यांत बसवा, त्यावरून ५० चा तुकडा ठरवा, आणि मग सगळ्या थव्यात असे किती तुकडे बसतात ते मोजा. ३६ तुकडे बसले तर १८००. थव्याचा मधला भाग दाट आणि कडा विरळ असतात, म्हणून तुकडा मधल्या भागावरून ठरवला तर आकडा फुगतो, कडेवरून ठरवला तर घटतो. मधे एक आणि कडेला एक असे दोन तुकडे घेऊन सरासरी काढा.

रातथाऱ्याकडे ओळीने येणाऱ्या थव्यांसाठी वेगळी रीत. समोरचा विजेचा खांब धरा आणि त्याला ओलांडणारे पक्षी १० सेकंद मोजा. ४० आले तर मिनिटाला २४०. तोच ओघ १२ मिनिटं टिकला तर २८८०. ओघ कमी-जास्त होतो, म्हणून दर दोन मिनिटांनी पुन्हा १० सेकंद मोजून आकडा सुधारायचा. दोघं असाल तर एकाने मोजावं, दुसऱ्याने लिहावं. मोजता मोजता लिहायला गेलं की पन्नासेक पक्षी निसटतात.

जातींचं प्रमाण काढायचं तर बसलेल्या पक्ष्यांतून १०० निवडा, पण एकाच फांदीवरून नाही. साळुंक्या कडेला बसतात, हे वर आलंच आहे. फक्त कडा पाहिली तर साळुंक्या जास्त भरतात, फक्त मध्य पाहिला तर नाहीशाच होतात.

दुर्बीण आणि कॅमेरा

थव्यासाठी ८ बाय ४२ ची (आठ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं) दुर्बीण १० पटीच्या दुर्बिणीपेक्षा बरी. ८ पटीत हजार मीटरवर साधारण १३० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, १० पटीत ११० च्या आसपास. शिवाय हात थरथरला तरी चित्र कमी हलतं. उडत्या पक्ष्यांचे फोटो १/२००० सेकंदाला घ्या, आणि आभाळ पाठीमागे असेल तर एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढवा, नाहीतर सगळे पक्षी कोळशासारखे येतात. फोटो ओळखीसाठी असेल तर सुंदर चौकट शोधू नका. त्याच पक्ष्याचे चोच, डोळा आणि उघडा पंख दिसणारे तीन वाकडेतिकडे फोटो एका देखण्या फोटोपेक्षा उपयोगी.

मैनाच नसलेले

कोतवाल थव्याच्या आसपास हमखास असतो, कारण भोरड्यांनी उडवलेले किडे त्याला आयते मिळतात. काळा कुळकुळीत, पण शेपटी लांब आणि टोकाला दुभंगलेली. इंग्रजीत ज्याला इंडियन ब्लॅकबर्ड म्हणतात तो आपला कस्तूर (अमेरिकेतले थव्यांचे ब्लॅकबर्ड वेगळे) झाडाखालच्या पाचोळ्यात एकटादुकटा चरतो, ज्वारीवर थव्याने येत नाही. काळ्या डोक्याचा आणि लाल डोक्याचा भारीट हे हिवाळी पाहुणे ज्वारीवर भोरड्यांच्याच वेळी असतात, मोठ्या संख्येने. ते चिमणीएवढे, चोच दाणे फोडणारी जाड, पोट पिवळं. लांबून एकत्र उठले की आकार कळत नाही, पण खाली बसल्यावर भारीट कणसाच्या टोकाला निवांत टिकतो. भोरडी झुंबड करते. डबक्यात नुकतंच नाहून निघालेल्या मैनेबद्दल मात्र काहीच ठरवू नका. ओली पिसं सगळ्यांना काळं करतात. पाच मिनिटं थांबा, ती वाळेल.

वहीत काय लिहायचं

तारीख, वेळ, जागा, झाड किंवा पीक, एकूण आकडा आणि तो कसा काढला, जातीनिहाय आकडे, भोरड्यांत पिल्लं किती. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद घालणार असाल तर न ओळखलेले पक्षी ‘जात न ठरलेली मैना’ म्हणूनच टाका. दोन हजारांच्या थव्यात दोनशे पक्षी अनोळखी राहणं अगदी साधी गोष्ट आहे. तेच दोनशे बिनदिक्कत भोरडीच्या खात्यात टाकले तर पुढे कोणाला ते वेगळे काढता येत नाहीत. दुर्मीळ पक्ष्याची नोंद करताना ‘कॉमन स्टार्लिंग दिसली’ एवढंच न लिहिता काय पाहिलं ते लिहा: पोट गडद की फिकं, ठिपके कुठे कुठे, चोचीचा रंग आणि लांबी, ऊन कोणत्या बाजूने होतं, किती मिनिटं पाहिलं. त्याच वेळी शेजारी भोरडी बसली होती का, हे आवर्जून लिहा; शेजारी तुलना असेल तर तपासणाऱ्याचं अर्धं काम होतं.

मार्च संपता संपता वहीत आणखी एक रकाना वाढवा: थवा उत्तरेकडे सरकतोय की त्याच रानात आहे. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात तुतीवर आणि उरल्यासुरल्या पांगाऱ्यांवर शेवटचे मोठे थवे दिसतात, आणि तेव्हाच त्यांचा गुलाबी रंग पुस्तकातल्या चित्रासारखा होतो. तुमच्या भागात शेवटची भोरडी कोणत्या तारखेला दिसली ते लिहून ठेवा. पण त्यासाठी ती दिसेनाशी झाल्यावरही आठवडाभर रोज त्याच झाडापाशी जाऊन यावं लागतं.